पेटीवरचे अक्षर आणि पेटीतील फळ
(आंबा बागायतदारांसाठी सचोटीच्या व्यवहाराचा पाठ)



हापूस आंब्याचा बागायतदार हा पूर्वी मुख्यतः उत्पादक होता. मोहोर राखावा, फळ उतरावे, पेट्या भरून मुंबईच्या दलालाकडे पाठवाव्या आणि पट्टीची वाट पाहावी, एवढाच त्याचा व्यापाराशी संबंध असे. आता ती स्थिती पुष्कळ अंशी पालटली आहे. अनेक बागायतदार आणि उत्पादकांचे गट आपल्या नावाने भरलेली पेटी थेट ग्राहकाच्या घरी पोहोचवितात. यामुळे मधल्या माणसाचा नफा शेतकऱ्याच्या हाती येतो, हे खरे. परंतु त्याबरोबर मधल्या माणसाची जबाबदारीही त्याच्या शिरावर येते. तो मजुरांचा मालक होतो, जाहिरातदार होतो आणि ग्राहकास वचन देणारा व्यापारीही होतो. या तिन्ही नात्यांनी चांगला व्यवहार कोणता आणि वाईट कोणता, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

१. पेटी हे एक वचन आहे

बाजारात समोर मांडलेले फळ गिऱ्हाईक हातात घेऊन पाहते, हुंगते आणि मग भाव ठरविते. बंद पेटीच्या बाबतीत तसे होत नाही. तेथे ग्राहक फळ पाहून नव्हे, तर पेटीवरचे अक्षर वाचून पैसे देतो. गावाचे नाव, फळांची संख्या, वजनाची प्रत आणि बागायतदाराचे नाव ही चार अक्षरे म्हणजे चार वचने होत. पेटी उघडल्यावर त्यांतील एक जरी खोटे ठरले, तरी उरलेल्या तीन वचनांवरचा विश्वासही उडतो.

या वचनास कायद्याचाही आधार आहे. शेतमालाची प्रतवारी व चिन्हांकन करण्याविषयीचा कायदा १९३७ साली झाला आणि त्यातून ‘ॲगमार्क’ ही खूण रूढ झाली. कोकणच्या हापूस आंब्यास ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत पिकलेल्या हापूसचा त्यात अंतर्भाव होतो. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून बागायतदारास आपले नाव नोंदविता येते. दुसऱ्या मुलुखातील फळावर हे नाव लावणे हा तुरुंगवास आणि दंड या दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे.

परंतु कायदा प्रत्येक पेटी उघडून पाहू शकत नाही. पेटी उघडतो तो ग्राहक. म्हणून खरा परीक्षक तोच समजावा.

२. वचन मोडण्याच्या चार वाटा

पहिली वाट थराची. पेटीच्या वरच्या थरात मोठी, डागविरहित फळे मांडावयाची आणि खालच्या थरात बारकी, चिकाचे डाग पडलेली किंवा मार लागलेली फळे दडवावयाची, ही खोड जुनी आहे. ज्याने ती लावली त्याला ती हुशारी वाटते. ग्राहकास ती फसवणूकच वाटते.

दुसरी वाट कोवळ्या फळाची. हंगामाच्या आरंभी भाव चढे असतात, म्हणून तयार न झालेले फळ उतरविण्याचा मोह होतो. कोकणात ‘चौदा आणे तयार’ फळ काढावे असे म्हणतात. सोळा आण्यांच्या रुपयात चौदा आणे, म्हणजे सुमारे ८५ टक्के पक्व झालेले फळ, असा त्याचा अर्थ. असे फळ देठाजवळ खांदे भरून येते, त्याचा गडद हिरवा रंग निवळू लागतो आणि ते पाण्यात टाकले असता बुडते. कोवळे फळ तरंगते. कोवळे फळ पिकल्यासारखे दिसले, तरी त्यास गोडी आणि सुवास येत नाही. साल मात्र सुरकुतते.

तिसरी वाट कॅल्शियम कार्बाइडची. या पदार्थाचा ओलाव्याशी संयोग होऊन ॲसिटिलीन वायू निघतो व फळास पिवळा रंग चढतो. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात आणि ते आरोग्यास घातक आहेत. फळे पिकविण्यासाठी त्याचा वापर करण्यास आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. त्याऐवजी बंदिस्त खोलीत इथिलीन वायूचा, दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत, नियंत्रित वापर करण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली अनुमती दिली आहे. भाताच्या पेंढ्यातील अढी ही तर आपल्या घरची रीत आहेच. चौदा आणे तयार झालेल्या फळास कार्बाइडची गरज नसते. गरज पडते ती कोवळ्या फळास. म्हणजेच ही तिसरी वाट बहुधा दुसऱ्या वाटेनेच पुढे जाते.

चौथी वाट परक्या फळाची. आपल्या बागेतील माल अपुरा पडला म्हणून अन्य प्रांतातील फळ आणून आपल्या पेटीत भरावे, असे करणारे लोक आहेत. कर्नाटकातील आंबाही आपल्या जागी चांगला आहे आणि तो त्याच्याच नावाने विकण्यात काही गैर नाही. गैर आहे ते नाव बदलण्यात. ‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण अशा पेटीस तंतोतंत लागू पडते.

३. लबाडीचा हिशेब मांडून पाहा

सचोटी ही केवळ नीतीची गोष्ट आहे आणि व्यापारात ती परवडत नाही, असे काही लोक म्हणतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण आकडे कल्पून मांडू.

समजा, एका बागायतदाराचे १०० कायमचे ग्राहक आहेत. प्रत्येकजण दरसाल दोन डझनांची एक पेटी घेतो. थेट विक्रीमुळे बाजारभावापेक्षा पेटीमागे ३०० रुपये अधिक मिळतात. एका वर्षी या बागायतदाराने प्रत्येक पेटीत २४ पैकी ३ फळे हलक्या प्रतीची घातली. चांगल्या व हलक्या फळाच्या भावात ३० रुपयांचे अंतर धरले, तर पेटीमागे ९० रुपये आणि १०० पेट्यांमागे ९,००० रुपये त्यास जास्त मिळाले.

पुढील वर्षी १०० पैकी ४० ग्राहक परत आले नाहीत. त्यांच्या वाट्याची ४० फळपेट्या आता बाजारात विकावी लागतात. पेटीमागे ३०० रुपयांप्रमाणे १२,००० रुपयांचा तोटा झाला. लबाडीचा लाभ एकदाच झाला. तोटा मात्र दरसाल होत राहतो. पाच वर्षांत तो ६०,००० रुपयांवर जातो. नवे ग्राहक मिळविण्यासाठी करावा लागणारा खर्च यात धरलेलाच नाही. कलम लावल्यावर उत्पन्नासाठी कित्येक वर्षे थांबण्याची ज्याची तयारी असते, त्या बागायतदाराने ग्राहकाच्या बाबतीत एका हंगामाचा विचार करावा, हे त्याच्या व्यवसायास शोभत नाही.

४. वचन पाळणारा हात कोणाचा?

आता एक महत्त्वाचा प्रश्न. पेटीवरचे वचन मालक देतो. पण ते पाळतो कोण? फळ झाडावरून उतरविणारा गडी, ते छाटणीस बसणारी बाई आणि पेटी भरणारा मजूर यांच्या हातून ते पाळले जाते किंवा मोडले जाते. मालक प्रत्येक फांदीखाली आणि प्रत्येक पेटीपाशी उभा राहू शकत नाही. म्हणून ज्याला आपल्या जाहिरातीतील शब्द खरा करावयाचा आहे, त्याने आधी मजुरांशी आपला व्यवहार खरा ठेवला पाहिजे. या दोन निरनिराळ्या गोष्टी नव्हेत.

काढणीचेच उदाहरण घ्या. फळ देठासह काढावे, जमिनीवर पडू देऊ नये, सकाळी ऊन चढण्यापूर्वी किंवा दुपारनंतर ऊन उतरल्यावर काढावे आणि सावलीत ठेवावे, हे सर्वांस ठाऊक आहे. देठ तुटला की चीक वाहून सालीवर डाग पडतो आणि देठाकडून कूज शिरते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला ‘नूतन झेला’ यासाठी उपयोगी आहे; त्याने फळ देठासह अलगद निघते. परंतु मजुरी केवळ उतरविलेल्या नगांवर ठेवली, तर मजूर घाईच करणार. देठ जपण्यात गेलेल्या वेळाचे पैसे त्यास मिळत नाहीत आणि घाईचे मात्र मिळतात. मग फळांना डाग पडले म्हणून त्याला बोल लावणे न्याय्य नव्हे. मजुरीची पद्धतच त्यास तसे शिकविते. रोजावर मजुरी द्यावी आणि देठासह निघालेल्या, डागविरहित फळांच्या प्रमाणात वर काही बक्षीस ठेवावे. म्हणजे मालकाचे हित आणि मजुराचे हित एकाच दिशेने चालू लागते.

५. मजुरांशी व्यवहाराचे नियम

(१) मजुरीचा दर, कामाचे तास आणि बक्षिसाचा नियम हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्वांसमक्ष सांगावा. नंतर बदलू नये. किमान वेतनाचा कायदा १९४८ साली झाला. तेव्हापासून किमान मजुरी हा शेतमजुराचाही हक्क मानला गेला आहे. ती मालकाची मेहेरबानी नव्हे.

(२) हजेरीपट रोज भरावा आणि मजुरास दाखवावा. दिलेली उचल त्याच दिवशी लिहावी. ज्यांस वाचता येत नाही त्यांस हिशेब वाचून दाखवावा. मजुरी ठरलेल्या दिवशीच द्यावी. ‘पट्टी आली की देतो’ हे उत्तर देऊ नये. बाजाराचा धोका हा मालकाचा आहे, मजुराचा नव्हे.

(३) छाटणी आणि प्रतवारी बहुधा स्त्रिया करतात, आणि पेटीची खरी प्रत त्यांच्या नजरेवर अवलंबून असते. समान कामास समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्याने स्पष्ट केले. जो बागायतदार नजरेचे काम हलके समजून कमी मजुरी देतो, तो आपल्या पेटीचीच किंमत कमी करतो.

(४) राखणीसाठी अनेक बागांत नेपाळहून आलेले गडी महिनोनमहिने राहतात. निवारा, पिण्याचे पाणी, आजारपणात औषध आणि वेळेवर पगार यांची सोय ही मालकाची जबाबदारी आहे. परक्या मुलुखात आलेल्या माणसास दाद मागणे कठीण असते. म्हणून तेथे मालकाने अधिक दक्ष राहिले पाहिजे.

(५) चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवू नये. कायद्याने त्यास मनाई आहे.

(६) उंच झाडावर चढणाऱ्यास भक्कम शिडी व दोर द्यावा. फवारणी करणाऱ्यास हातमोजे, तोंडावरील आच्छादन, चष्मा व पूर्ण कपडे द्यावे. ते वापरले जातात की नाही हेही पाहावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने व भर उन्हात फवारणी करू देऊ नये. हा इशारा कोरडा नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात प्रामुख्याने कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. पीक निराळे असले तरी विष तेच काम करते.

(७) चूक कबूल करणाऱ्यास शिक्षा करू नये. एखाद्या मजुराच्या हातून करंडी पडली आणि त्याने ती गोष्ट येऊन सांगितली, तर ती फळे वेगळी काढता येतात. सांगणाऱ्यावर आरडाओरडा केला, तर पुढच्या वेळी ती करंडी गुपचूप पेट्यांत भरली जाईल. मार लागलेले फळ चार दिवसांनी ग्राहकाच्या घरी नासेल आणि शेजारची फळेही नासवील. मजुराचा दंड कापून वाचविलेले पैसे अशा रीतीने दुपटीने जातात.

(८) पेटी भरणाऱ्यास खराब फळ नाकारण्याचा अधिकार असावा. ‘आज माल कमी आहे, चालवून घ्या’ असे मालकाने एकदा म्हटले, की प्रतवारीचा नियम संपला. नियम मोडावयास मालकच शिकवितो, आणि मजूर तो धडा फार लवकर शिकतो. प्रत्येक पेटीवर ती भरणाऱ्याचा क्रमांक घालावा. त्याचा हेतू दोष हुडकण्यापुरता नसावा. उत्तम भरणाऱ्याचे नाव सर्वांसमक्ष घेता यावे, हाही असावा.

६. जाहिरात कशी असावी?

जाहिरात म्हणजे आपल्या मालाची माहिती दूरच्या ग्राहकास देणे. माहिती जितकी नेमकी, तितकी जाहिरात चांगली. ‘जगातील सर्वोत्तम हापूस’ या शब्दांतून ग्राहकास काहीच कळत नाही. ‘देवगड तालुक्यातील आमच्या बागेतील हापूस, प्रत्येक फळ भरतेवेळी २५० ग्रॅमहून अधिक, चौदा आणे तयार, पेंढ्यात ठेवून पिकण्यास काही दिवस लागतील’ यांतून सर्व काही कळते. फळ पिकताना त्याचे वजन घटते, म्हणून ‘भरतेवेळी’ हा शब्द गाळू नये.

पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्या :

‘सेंद्रिय’ हा शब्द. रीतसर प्रमाणीकरण नसताना तो लेबलावर छापू नये. फवारण्या कमी केल्या असतील तर तसे सांगावे. किती केल्या आणि शेवटची केव्हा केली, हे सांगणे त्याहून उत्तम.

रोग बरे करण्याचे दावे. ‘मधुमेही माणसानेही निर्धास्त खावा’ असे लिहिणे ग्राहकाच्या जिवाशी खेळणे आहे. आंबा हे गोड फळ आहे, ते औषध नव्हे.

परके छायाचित्र. जाहिरातीत आपल्याच बागेतील, आपल्याच पेटीतील फळांचे चित्र द्यावे. चित्रातील फळ मोठे आणि पेटीतील लहान असेल, तर ते चित्रच आपल्याविरुद्ध साक्ष देते.

खोटी टंचाई. माल शिल्लक असता ‘आज शेवटचा दिवस’ असे लिहून घाई करविणे हेही असत्यच होय.

अशक्य हमी. साका हा हापूसचा अंतर्गत दोष आहे. फळ बाहेरून निर्दोष दिसते, पण कापल्यावर गर पांढरट, स्पंजासारखा व आंबट निघतो. अतिपक्व होईपर्यंत झाडावर राहिलेल्या फळांत त्याचे प्रमाण वाढते. वेळेवर काढणी केल्यास ते कमी होते. पण फळ न कापता डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. म्हणून ‘साका निघणारच नाही’ ही हमी खोटी आहे. ‘साका बाहेरून ओळखता येत नाही, निघाल्यास कळवावे, त्या फळाची भरपाई करू’ हे वाक्य खरे आहे. पहिल्या वाक्याने एक पेटी खपेल. दुसऱ्याने ग्राहक टिकेल.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कडक तरतूद आहे. त्याखाली २०२० साली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणास प्रथम १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा अपराध झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो.

७. तक्रार आली असता

तक्रार करणारा ग्राहक हा शत्रू नव्हे. जो काही न बोलता निघून जातो, त्याच्याकडून आपण काहीच शिकत नाही. तक्रार आली की वाद न घालता पेटीचा क्रमांक, भरल्याची तारीख आणि फळाची स्थिती लिहून घ्यावी. भरपाई योग्य असेल तर ती त्वरित द्यावी. तक्रारींची एक वही ठेवावी आणि आठवड्यातून एकदा ती सर्व मजुरांसमवेत वाचावी. एकाच ठिकाणच्या झाडांच्या फळांत साका अधिक निघतो, एकाच वाहनाच्या पेट्यांना मार लागतो, अशा गोष्टी त्या वहीतूनच ध्यानात येतात.

८. एकाचा दोष, सर्वांना दंड

शेतकऱ्याच्या व्यापारात एक विशेष आहे. त्याच्या मालाचे नाव त्याचे एकट्याचे नसते. ‘हापूस’ हे नाव हजारो बागायतदारांचे सामायिक भांडवल आहे. भारतातून गेलेल्या काही फळे-भाजीपाल्याच्या मालात फळमाशी व इतर किडी आढळल्या, म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात बंद केली. ज्यांनी आपली फळे काळजीपूर्वक तपासली होती, त्यांच्याही पेट्यांना त्या हंगामात युरोपची दारे बंद झाली. तपासणी व प्रक्रियेची व्यवस्था सुधारल्यानंतर २०१५ साली ती बंदी उठली. नासका आंबा अढी नासवितो, हे आपल्या घरातील शहाणपण देशाच्या व्यापारासही असे लागू पडते.

म्हणून गावातील बागायतदारांनी एकत्र बसून प्रतवारीचा नियम ठरवावा, काढणीच्या दिवसाविषयी एकमत करावे आणि कार्बाइड वापरणाऱ्यास वेळीच समज द्यावी. शेजाऱ्याच्या पेटीविषयी बोलणे हा आगंतुकपणा नव्हे. तिच्यावर आपल्याही गावाचे नाव लिहिलेले असते.

सारांश

पेटीवर जे लिहिले तेच पेटीत असावे. जे पेटीत आहे तेच जाहिरातीत यावे. आणि ज्यांच्या हातांनी पेटी भरली जाते त्यांस ठरलेली मजुरी ठरल्या दिवशी मिळावी. या तीन गोष्टी एकमेकींस धरून आहेत. मजुरास फसविणाऱ्या मालकाच्या पेटीत ग्राहकही फसतो, कारण दोघांशी व्यवहार करणारा माणूस एकच असतो.

चर्चामंडळासाठी प्रश्न

१. आपल्या गावात काढणीची मजुरी रोजावर आहे की नगावर? तिचा फळाच्या देठावर काय परिणाम होतो?
२. आपल्या पेटीवर सध्या कोणती अक्षरे आहेत? त्यांतील कोणते आपण वजनकाट्यावर किंवा कागदपत्रांनी सिद्ध करू शकतो?
३. गेल्या हंगामात आलेल्या तक्रारी कोठे लिहिल्या आहेत?
४. गावातील सर्व बागायतदारांस मान्य होईल असा प्रतवारीचा एक नियम लिहून काढा.